शट डाउन केलं तरी लॅपटॉप बंद होत नाही: अडतंय कुठे ते आधी शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विंडोज 11 असलेला, चारेक वर्षं वापरातला लॅपटॉप. शट डाउन केलं की 'शटिंग डाउन' असं दिसतं, मग स्क्रीन काळी होते, पण पॉवर बटणाचा दिवा लागलेलाच राहतो आणि पंखा फिरत राहतो. बराच वेळ वाट बघून शेवटी बटण दाबून धरावं लागतं. अधूनमधून उलटंच होतं: शट डाउन केलेला लॅपटॉप थोड्या वेळाने आपोआप सुरू झालेला दिसतो. अँटिव्हायरसने तपासून झालं, टेम्पररी फायली साफ करून झाल्या, आणि आता विंडोज नव्याने टाकायचं का, असं तुम्ही विचारता आहात.

इतक्यात टाकू नका. स्क्रीन काळी पण दिवा आणि पंखा चालू, हे लक्षण बहुतेक वेळा ड्रायव्हर (एखादं उपकरण विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्राम), बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा, मदरबोर्डवरच साठवलेला प्रोग्राम) किंवा फास्ट स्टार्टअप (विंडोजची लवकर सुरू होण्याची सोय) यांच्याकडे बोट दाखवतं. नवं विंडोज टाकलं तरी तेच ड्रायव्हर अपडेटमधून परत येतात, फास्ट स्टार्टअप पुन्हा आपोआप चालू होतं आणि बायोस तर जिथल्या तिथेच असतं. सगळा डेटा हलवून, सगळे प्रोग्राम परत टाकून तुम्ही पुन्हा त्याच काळ्या स्क्रीनसमोर बसलात, असं व्हायला नको.

माझं सांगणं एकच आहे: उपाय करत सुटण्याआधी लॅपटॉप नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो ते ओळखा. शट डाउन हे एका झटक्यात होणारं काम नाही. आधी विंडोज उघड्या प्रोग्रामांना आवरतं घ्यायला सांगतं. एखाद्याने साधारण पाच सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर त्याचं नाव पडद्यावर येतं आणि 'शट डाउन एनीवे' असं बटण दिसतं. त्यानंतर पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेस थांबवल्या जातात. मग प्रत्येक ड्रायव्हरला आपापलं उपकरण बंद करायला सांगितलं जातं, आणि मेमरीत लिहायचा राहिलेला डेटा डिस्कवर उतरवला जातो. सगळ्यात शेवटी विंडोज एसीपीआय या व्यवस्थेमार्फत मदरबोर्डला 'एस5' या स्थितीत जायला सांगतं. एस5 म्हणजे पूर्ण बंद. हा शेवटचा वीजपुरवठा तोडण्याचं काम विंडोजचं नसून फर्मवेअर (बायोससारखे, चिपांमध्येच साठवलेले प्रोग्राम) आणि मदरबोर्डवरच्या कंट्रोलरचं असतं.

आता तुमची लक्षणं यावर ठेवून बघा. प्रोग्रामाचं नाव पडद्यावर येत असेल, तर पहिला टप्पा. 'शटिंग डाउन' हे शब्द आणि फिरणारं वर्तुळ पाच-दहा मिनिटं तसंच राहत असेल, तर बहुधा सर्व्हिस किंवा डिस्क. शब्द जाऊन स्क्रीन काळी झाली पण पंखा थांबत नाही, तर ड्रायव्हर किंवा त्यापुढचं फर्मवेअर. तुमचं दुखणं या शेवटच्या दोन टप्प्यांतलं आहे. म्हणूनच अँटिव्हायरस आणि साफसफाईने फरक पडला नाही. त्यांचा संबंध पहिल्या दोन टप्प्यांशी.

शिवाय तुम्ही सांगितलेल्या दोन तक्रारी, न बंद होणं आणि आपोआप सुरू होणं, या वेगळ्या असतीलच असं नाही. एखादा ड्रायव्हर आपलं उपकरण बंद करायला तयार होत नसेल, तर विंडोज ठरावीक मुदतीपर्यंत थांबतं आणि मग स्वतःच क्रॅश होऊन रीस्टार्ट घेतं. स्क्रीन काळी असल्यामुळे क्रॅशचा निळा पडदा तुम्हाला दिसतच नाही. दिसतं ते इतकंच, की लॅपटॉप परत चालू झाला. हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो नोंदींमध्ये तपासायचा आहे.

त्याआधी रोजच्या वापराबद्दल एक गोष्ट, कारण दुरुस्ती होईपर्यंत तुम्हाला लॅपटॉप बंद तर करावाच लागणार. पॉवर बटण दाबून धरून बंद करणं ही हार्डवेअरची सोय आहे. एसीपीआयच्या नियमाप्रमाणे चार सेकंदांहून जास्त दाबलं की वीज तुटते, काही लॅपटॉपांना दहा-पंधरा सेकंद लागतात. डिस्कवर लिहिणं चालू नसेल तर क्वचित एखाद्या वेळी असं केल्याने लगेच काही बिघडत नाही. पण रोज केलं तर फाइल सिस्टिम खराब होण्याची शक्यता वाढत जाते. एनव्हीएमई एसएसडी तर अशा प्रत्येक वेळेची मोजणी स्वतःजवळ ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये 'अनसेफ शटडाउन्स' या नावाने तो आकडा दिसतो. म्हणून सध्या बंद करण्याआधी सगळ्या फायली सेव्ह करा, प्रोग्राम स्वतःच्या हाताने मिटवा, बाहेरची डिस्क इजेक्ट करून काढा, आणि स्क्रीन काळी झाल्यावर निदान पाच मिनिटं थांबून मगच बटण धरा. 'वर्किंग ऑन अपडेट्स' असं दिसत असताना मात्र बटणाला हातही लावू नका. टक्केवारी खूप वेळ एकाच जागी दिसली तरी आत काम चालू असू शकतं. चार्जर लावून ठेवा आणि होऊ द्या.

आणि दिवा लागलेला, पंखा फिरत असलेला लॅपटॉप बॅगेत घालू नका. बंद बॅगेत हवा खेळत नाही, उष्णता वाढत जाते आणि तिचा पहिला फटका बॅटरीला बसतो. हे मी कळकळीने सांगतो, कारण घाईत निघताना हेच होतं.

आता तपासणीकडे. पहिली चाचणी फास्ट स्टार्टअपची, आणि तिला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो. 2012 मध्ये विंडोज 8 सोबत ही सोय आली. तेव्हापासून मेनूतलं शट डाउन हे खरं शट डाउन राहिलेलं नाही. तुमचे प्रोग्राम बंद होतात, तुम्ही साइन आउट होता, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची त्या क्षणाची अवस्था जशीच्या तशी हायबरफिल नावाच्या फायलीत डिस्कवर साठवली जाते. दुसऱ्या दिवशी तीच अवस्था परत मेमरीत आणली जाते, म्हणून सुरुवात लवकर होते. याचा एक उपपरिणाम असा, की एखादा ड्रायव्हर आज बिघडलेल्या अवस्थेत असेल, तर ती बिघडलेली अवस्थाच साठवली जाते आणि उद्या परत येते. तुम्ही रोज रात्री लॅपटॉप बंद करता, पण ड्रायव्हरच्या दृष्टीने तो कित्येक आठवडे बंदच झालेला नसतो.

खात्री करून घ्यायची असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि खाली 'अप टाइम' बघा. काल रात्री बंद करून आज सकाळी सुरू केलेल्या लॅपटॉपवर तिथे आठ-दहा दिवस दिसले, तर फास्ट स्टार्टअप चालू आहे. याउलट रीस्टार्ट मात्र नेहमी पूर्ण असतं. 'बंद करून चालू केलं तर काही होत नाही, पण रीस्टार्ट केलं की बरा होतो' हे लोकांना कोडं वाटतं, त्याचं उत्तर इथे आहे.

चाचणी सोपी आहे. शिफ्ट की दाबून ठेवा आणि मग मेनूतलं शट डाउन निवडा. त्या एका वेळेपुरतं पूर्ण शट डाउन होतं. हे वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा करून बघा. शिफ्टसह लॅपटॉप दर वेळी नीट बंद झाला आणि शिफ्टशिवाय अडला, तर गुन्हेगार सापडल्यातच जमा आहे. मग कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबा, आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढून सेव्ह करा. एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर सुरुवातीला काही सेकंदच जास्त लागतील. त्या काही सेकंदांसाठी ही सोय चालू ठेवावी असं मला वाटत नाही. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर ती बंदच ठेवा. अर्धवट झोपवलेलं विंडोजचं पार्टिशन लिनक्समधून लिहिण्यासाठी उघडलं, तर फायली खराब होऊ शकतात.

काही ठिकाणी ही ओळ दिसतच नाही. तेव्हा हायबरनेट ही सोय आधीच बंद आहे असं समजायचं, आणि मग फास्ट स्टार्टअपही नसतंच. हायबरनेट मुळापासून बंद करायची आज्ञा म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.) पण हायबरनेट तुम्ही वापरत असाल तर ही आज्ञा देऊ नका, वरची खूण काढणं पुरेसं आहे.

शिफ्टसहसुद्धा अडत असेल तर पुढे चला. लॅपटॉपला जोडलेलं सगळं काढा: डॉक (एका केबलने अनेक उपकरणं जोडणारा डबा), बाहेरचा मॉनिटर, यूएसबी डिस्क, माउसचा छोटा रिसीव्हर, कार्ड स्लॉटमधलं कार्ड, नेटवर्कची केबल. मग फक्त लॅपटॉप बंद करून बघा, एकदा चार्जरवर आणि एकदा बॅटरीवर. डॉक आणि त्यांच्यामार्फत जोडलेली उपकरणं यांचा यात वाटा मोठा असतो. चार्जर काढल्यावर नीट बंद होतो आणि लावल्यावर नाही, असा फरक दिसला तर बायोस आणि चार्जिंगच्या कंट्रोलरकडे संशय वळवा.

इथे एक गैरसमज दूर करतो. बंद लॅपटॉपवर चार्जिंगचा दिवा लागलेला असणं हा दोष नाही. काही लॅपटॉपांत बंद असतानाही एका यूएसबी पोर्टमधून फोन चार्ज करायची सोय असते आणि त्या पोर्टला वीज मिळत राहते. शिवाय पॉवर बटण दाबणं किंवा झाकण मिटणं म्हणजे शट डाउन नव्हे. बऱ्याच लॅपटॉपांवर त्याचा अर्थ 'स्लीप' असा लावलेला असतो. तुम्ही मेनूतून शट डाउन करता असं लिहिलं आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे लागू नाही. पण तीच तक्रार घेऊन येणाऱ्या इतरांनी आधी ती सेटिंग बघावी.

आता नोंदी. विंडोज प्रत्येक वेळी काय घडलं ते लिहून ठेवतं, आणि ते न वाचता अंदाजाने ड्रायव्हर बदलत बसणं म्हणजे वेळ घालवणं. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. तिथे हजारो ओळी असतील आणि कित्येकांवर लाल खूण असेल. घाबरू नका, निरोगी लॅपटॉपवरही लाल खुणा असतात. 'फिल्टर करंट लॉग' दाबून फक्त 27, 41, 1001, 1074, 6006 आणि 6008 हे क्रमांक स्वल्पविराम देऊन टाका.

यातला 1074 सांगतो की बंद करण्याचा किंवा रीस्टार्टचा हुकूम कोणत्या प्रोग्रामने दिला. आपोआप सुरू झालेल्या दिवशी इथे 'रीस्टार्ट' असं आणि सोबत एखाद्या अपडेट करणाऱ्या प्रोग्रामचं नाव दिसलं, तर तो क्रॅश नव्हता, कोणीतरी ठरवून रीस्टार्ट मागितलं होतं. 6006 म्हणजे नोंदी ठेवणारी सर्व्हिस व्यवस्थित थांबली. पूर्ण शट डाउन त्या टप्प्यापर्यंत सुरळीत पोचलं. 6008 म्हणजे आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं. तुम्ही बटण दाबून धरता त्या वेळी तो दिसला, तर त्यात नवल नाही. कर्नल-बूट या स्रोताचा 27 सांगतो की सुरुवात कशी झाली: शेवटी शून्य असेल तर पूर्ण बंद अवस्थेतून, एक असेल तर फास्ट स्टार्टअपमधून, दोन असेल तर हायबरनेटमधून. खूण काढल्यावरही इथे एक दिसत असेल, तर बदल लागूच झालेला नाही.

पण तुमच्यासाठी सगळ्यांत बोलका क्रमांक 41. स्रोत कर्नल-पॉवर. नीट बंद न होता लॅपटॉप परत सुरू झाला की तो लिहिला जातो. त्याची नुसती एक ओळ वाचून थांबू नका. 'डिटेल्स' उघडा आणि 'बगचेककोड' समोरचा आकडा बघा. शून्य असेल तर क्रॅशची नोंद झालेली नाही: वीज गेली, किंवा बटण दाबून धरलं. तिथे 159 दिसलं तर आपण शोधतोय ते सापडलं. 159 ही शून्य-एक्स-9एफ या कोडची दशमान संख्या, आणि त्या कोडचं नाव 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर'. म्हणजे कुठल्या तरी ड्रायव्हरने बंद होण्याची आज्ञा घेतली आणि ती पूर्ण केलीच नाही. अशा वेळी 1001 क्रमांकाची नोंदही बहुधा सोबत असते आणि विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप नावाच्या फोल्डरात त्या क्षणाची छोटी फाइल असते. मायक्रोसॉफ्टचा विनडीबीजी हा प्रोग्राम विनामूल्य आहे; त्यात ती फाइल उघडून अ‍ॅनलाइझची आज्ञा दिली की बहुतेकदा ड्रायव्हरचं नाव समोर येतं.

क्रॅश डोळ्यांनी बघायचा असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडून 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढा. त्यानंतर शट डाउन करताना क्रॅश झालाच, तर लॅपटॉप रीस्टार्ट न होता निळ्या पडद्यावर थांबेल, अर्थात ग्राफिक्स अजून जिवंत असेल तर. कोडचा फोटो काढून ठेवा. काम झालं की खूण परत करा.

नोंदींत क्रॅश नाही, 1074 मध्येही काही नाही, आणि तरी लॅपटॉप सुरू होतो? मग तो कोणीतरी जागा करतंय. बायोसमध्ये जाऊन 'वेक ऑन लॅन' (नेटवर्कवरून आलेल्या संदेशाने सुरू होणे), झाकण उघडताच सुरू होणे, चार्जर लावताच सुरू होणे आणि ठरावीक वेळी सुरू होणे या सोयी बंद करून बघा. नावं कंपनीगणिक बदलतात, पण पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर ती सापडतात. 'अपडेट अँड शट डाउन' निवडल्यावर बंद व्हायच्या ऐवजी रीस्टार्ट होऊन साइन-इनच्या पडद्यावर येणं हा विंडोजमधलाच दोष होता, आणि विंडोज 11 साठी ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस आलेल्या अपडेटमध्ये त्याची दुरुस्ती दिली गेली. तुमच्याकडे हे फक्त अपडेटच्या दिवशीच होत असेल, तर आधी विंडोज अद्ययावत करा.

ड्रायव्हरांबद्दल जरा सविस्तर, कारण तुमच्या बाबतीत माझा मुख्य संशय तिथेच आहे. सगळे ड्रायव्हर सरसकट 'अपडेट' करणारे प्रोग्राम मिळतात, ते वापरू नका. लॅपटॉपचे ड्रायव्हर त्या मॉडेलच्या बायोसशी जुळवून दिलेले असतात. सर्वांत नवा म्हणजे सर्वांत योग्य, असं नसतं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल किंवा सीरियल नंबर टाकून तिथलेच ड्रायव्हर घ्या. क्रम असा ठेवा: आधी चिपसेट आणि मॅनेजमेंट इंजिन, मग ग्राफिक्स, मग स्टोरेज, शेवटी वायफाय आणि ब्लूटूथ. एका वेळी एकच बदला, बदलल्यावर दोन-तीनदा शट डाउन करून बघा, मगच पुढचा. एकदम पाच बदलले आणि लॅपटॉप बरा झाला, तर कशाने झाला ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटने तो परत बिघडला तर तुम्ही पुन्हा सुरुवातीला.

मॅनेजमेंट इंजिनचं नाव मुद्दाम आधी घेतलं. इंटेल प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपांत 'मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस' नावाचं एक उपकरण डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'सिस्टिम डिव्हायसेस'खाली दिसतं. 2015 मध्ये विंडोज 10 आल्यावर अनेक लॅपटॉपांवर अगदी तुमच्यासारखी तक्रार आली होती: स्क्रीन काळी, दिवा आणि पंखा चालू. त्या उपकरणाचा ड्रायव्हर अपडेटमधून नवा आला होता, आणि लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला जुना परत टाकल्यावर बऱ्याच जणांचा प्रश्न सुटला. तुमचा लॅपटॉप त्यानंतरचा आहे, तरी ही जागा तपासण्यासारखी आहेच. त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचं पान असेल, तर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची खूण काढून एकदा शट डाउन करा. फरक पडला, तर दोष तिथेच आहे असं धरून कंपनीचा ड्रायव्हर टाका.

तक्रार अमुक दिवसापासून सुरू झाली असं तुम्हाला आठवत असेल तर तो दिवस सोन्याचा आहे. विंडोज अपडेटच्या 'अपडेट हिस्ट्री'त त्या सुमारास कोणता ड्रायव्हर आला ते बघा आणि डिव्हाइस मॅनेजरमधून त्याला 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. आधीच्या तारखेचा रीस्टोअर पॉइंट (विंडोजने जपून ठेवलेली जुनी अवस्था) असेल तर तोही चालेल.

ज्यांचा लॅपटॉप 'शटिंग डाउन' या शब्दांवरच अडतो, त्यांच्यासाठी मार्ग थोडा वेगळा. इव्हेंट व्ह्यूअरमध्येच अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत जा. 200 आणि लगेच पुढचे क्रमांक शट डाउनचे असतात: एकूण किती वेळ लागला, आणि कोणत्या प्रोग्रामने, उपकरणाने किंवा सर्व्हिसने उशीर केला ते नावानिशी मिळतं. तिथे काही नसेल तर क्लीन बूट करा, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामांच्या सर्व्हिसेस बंद ठेवून विंडोज सुरू करा. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये सर्व्हिसेसच्या पानावर आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर खूण करा आणि मगच बाकीच्या बंद करा. ही खूण राहून गेली तर साइन इन करतानाच अडचण येऊ शकते, म्हणून इथे घाई नको. मग अर्ध्या सर्व्हिसेस चालू, अर्ध्या बंद असं करत गेलं की चार-पाच फेऱ्यांत दोषी सापडते.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) जाऊन प्रोग्रामांना द्यायची मुदत कमी करा, असा सल्ला जागोजागी मिळतो. तो मी देत नाही. अडलेली सर्व्हिस डेटाबेस किंवा बॅकअपची असेल, तर तिला लिहिणं पूर्ण करू न देता मारणं म्हणजे डेटाशी खेळणं. रजिस्ट्रीतली एकच गोष्ट बघण्यासारखी: 'क्लिअर पेजफाइल अ‍ॅट शटडाउन' ही किंमत एक केलेली असेल, तर दर वेळी पेजफाइल (मेमरीला जोड म्हणून विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) शून्यांनी भरून पुसली जाते आणि हार्ड डिस्कवर त्याला बरीच मिनिटं लागतात. कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर ती सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलेली असू शकते. विचारल्याशिवाय बदलू नका.

डिस्क स्वतः खराब होत असेल तरीही शट डाउन लांबतं, कारण शेवटचं लिहिणं पूर्णच होत नाही. सिस्टिमच्या नोंदींत 7, 51, 129 किंवा 153 हे डिस्क आणि स्टोरेजचे क्रमांक वारंवार दिसले, तर बाकी सगळं थांबवा आणि त्याच दिवशी बॅकअप घ्या.

आता फर्मवेअर. लॅपटॉपमध्ये एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप असते. पॉवर बटण, पंखा, चार्जिंग, दिवे तिच्या ताब्यात असतात. ती गोंधळलेल्या अवस्थेत अडकली तर विंडोजने सगळं बरोबर करूनही वीज तुटत नाही. तिला मूळ स्थितीत आणायचं म्हणजे लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा, आणि पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग जोडून सुरू करा. बॅटरी आत बसवलेली असेल तर काही कंपन्या बायोसमध्ये बॅटरी तात्पुरती तोडायची सोय देतात, काही मागे टाचणीचं छिद्र देतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा.

त्यानंतर बायोसचं अपडेट. कंपनीच्या पानावर नव्या आवृत्तीच्या टिपणात शट डाउन, स्लीप किंवा पॉवरचा उल्लेख असेल तर नक्की टाका. चार्जर लावलेला असू द्या आणि मध्ये काहीही झालं तरी बंद करू नका. त्याआधी एक गोष्ट मात्र कराच: बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा, 48 अंकी रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर कुठेतरी लिहून ठेवा, आणि अपडेटपुरतं संरक्षण 'सस्पेंड' करा. नव्या लॅपटॉपांवर हे एन्क्रिप्शन मालकाच्या लक्षातही न येता चालू झालेलं असतं. बायोस बदलल्यावर लॅपटॉप ती की मागू शकतो, आणि ती नसेल तर डिस्कवरचा डेटा परत मिळत नाही.

एवढं करूनही कोडं सुटलं नाही, तर निर्णायक चाचणी एकच. उबुंटू किंवा तत्सम लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप सुरू करा, पाच मिनिटं वापरा आणि तिथून 'पॉवर ऑफ' करा. तीन-चारदा करा. तिथून दर वेळी स्वच्छ बंद होत असेल तर हार्डवेअर बहुतांशी निर्दोष आहे आणि दोष विंडोज किंवा त्याच्या ड्रायव्हरांत आहे. तिथेही दिवा आणि पंखा चालूच राहत असेल, तर विंडोज नव्याने टाकून काहीही मिळणार नाही. मदरबोर्ड, कंट्रोलर किंवा बायोस यांच्याकडेच बघावं लागेल. (ज्यांच्याकडे लिनक्सच आहे त्यांना बंद होताना 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' अशी ओळ दिसत असेल, तर तो वेगळा प्रकार: सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्राम) एखाद्या सर्व्हिससाठी थांबलेलं असतं, मूळ मुदत 90 सेकंदांची, आणि आधीच्या वेळच्या नोंदी जर्नलसीटीएल या आज्ञेने मिळतात.)

पेनड्राइव्हवर लॅपटॉप नीट बंद झाला, कंपनीचे ड्रायव्हर टाकून झाले, डीआयएसएम आणि एसएफसी या दोन आज्ञांनी विंडोजच्या फायली दुरुस्त करून झाल्या, आणि तरीही अडतोय, अशा वेळी विंडोज नव्याने टाकणं योग्य. टाकल्यावर इंटरनेट जोडण्याआधी कंपनीचे चिपसेट आणि मॅनेजमेंट इंजिनचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून टाका, फास्ट स्टार्टअपची खूण काढा, आणि बाकीचे प्रोग्राम टाकण्याआधीच शट डाउन तपासा.

दुरुस्तीला न्यायची वेळ आली तर तंत्रज्ञाला नुसतं 'बंद होत नाही' असं सांगू नका. शिफ्टसह काय होतं, चार्जरशिवाय काय होतं, लाइव्ह पेनड्राइव्हवर काय होतं, या तीन गोष्टी कागदावर लिहून द्या. टचपॅड वर उचललेला दिसत असेल, झाकण नीट मिटत नसेल किंवा खालचं कव्हर फुगलेलं वाटत असेल, तर बॅटरी फुगली आहे. मग वरची एकही चाचणी करू नका. चार्जर काढा, लॅपटॉप वापरणं थांबवा आणि बॅटरी बदलून घ्या.

तुम्ही आज रात्री शिफ्टची चाचणी करा आणि 41 च्या नोंदीतला बगचेककोड, 27 चा शेवटचा आकडा आणि लॅपटॉपचं नेमकं मॉडेल कळवा. तेवढ्यावरून पुढे कोणत्या ड्रायव्हरला हात घालायचा ते सांगता येईल.